आईच्या खोलीचा पाईप

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आम्ही बांधून पाहिलं. कोणी विचारलं कसं झालं, तर मी "छान झालं" म्हणते आणि विषय बदलते.

घर हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्यापासून थोडं आत आहे. तीस बाय चाळीसची साइट. इथे प्लॉटला साइट म्हणतात, आणि म्हैसूरला वीस वर्षं काढल्यावर आता मीही तेच म्हणते. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईची खोली. वर आमची खोली आणि माझी कामाची खोली. नवरा कडकोळच्या एका कारखान्यात आहे. सकाळी सातला बस त्याला घेऊन जाते आणि संध्याकाळी सहाच्या पुढे आणून सोडते. मी सॉफ्टवेअरचं काम करते, तेही घरूनच. म्हणजे दिवसभर त्या घरात दोनच माणसं, वर मी आणि खाली आई. खरं तर एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवून वायरिंग ठरवायला हवं होतं. माझ्या डोक्यात भलतंच होतं.

आई माझीच, सासूबाई नव्हेत. सांगलीकडच्या एका शाळेत तिचा सगळा जन्म शिकवण्यात गेला. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडच्या कडेला मारामारी करणारी पोरं जागच्या जागी सुटी व्हायची. लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. मंडईत ती घासाघीस करायला लागली की मी दोन पावलं मागे राहायची, ही बाई माझी कोणी नाही असा चेहरा करून. बाबा गेले, पाठोपाठ तिला कंपवात झाला आणि मी तिला इकडे घेऊन आले. कंपवातात हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. आवाज जातो, हे मला माहीत नव्हतं. एकदम जात नाही. आधी फोनवर "मोठ्याने बोल गं" म्हणावं लागलं, मग शेजारी बसून म्हणावं लागलं. तिला स्वतःला मात्र वाटायचं आपण नेहमीसारखंच बोलतोय. "तुझेच कान गेलेत," म्हणायची. आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. तिच्या हातून चमचा पडला तरी मला कळायचं, त्यामुळे आवाजाचं कोणाला फारसं अडलं नाही.

नव्या घराचं काम निघालं तेव्हा विटा-सिमेंट नवऱ्याने घेतलं आणि वायरिंग मी. माझ्या हौसेला मोल नव्हतं. दिवे तोंडाने सांगून लागायला हवेत, जिन्यावर पाऊल ठेवलं की उजेड यायला हवा, पुढच्या दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, हॉलमध्ये कॅमेरा, पाण्याची टाकी भरली की फोनवर निरोप. महिन्याभरात मी चार नकाशे काढले. प्रत्येक वेळी आधीचा रद्द. नवरा म्हणाला, "अगं, नाकापेक्षा मोती जड होतोय." मी म्हणाले, "तू तुझ्या विटा बघ." आमच्या घरात शेवटचा शब्द बहुतेक माझाच असतो. पूर्वी मला त्याचा अभिमान होता.

वायरिंगचं काम करणारे अण्णा साठीला टेकलेले. नावाने त्यांना कोणीच हाक मारत नसे. त्यांच्या घरात कितीतरी पिढ्या मराठी, पण सगळ्या पिढ्या म्हैसूरच्याच, त्यामुळे निम्मे शब्द कन्नड. मला ते अक्का म्हणायचे आणि आईला अम्मा. माझा चौथा नकाशा त्यांनी हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "अक्का, हे सगळं करू. पण भिंतीत आणि स्लॅबमध्ये काय जाणार ते आत्ता सांगा. आमेले म्हणालात तर होत नाही." आमेले म्हणजे नंतर. दिवसातून दहादा तरी ते हा शब्द म्हणायचे आणि मी दहादा मान हलवायची.

स्लॅबच्या आधी आईला एकदाच साइटवर नेलं होतं. खालचे खांब आणि भिंती उभ्या होत्या, डोक्यावर अजून आभाळच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिने आपली होणारी खोली बघितली, खिडकी कुठे, मोरी कुठे ते विचारलं. मग म्हणाली, "माझ्या उशाशी एक बेल दे."

मी म्हणाले, "कसली बेल?"

"हेडबाईंच्या टेबलापाशी असायची तशी. दाबली की शिपाई यायचा."

"म्हणजे मी शिपाई का?"

"तू आलीस तरी चालेल," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "साधी दे हं. वायरची. फोनवरचं ते बटण माझ्या बोटाला सापडत नाही. तीनदा दाबते तेव्हा भलत्यालाच लागतो."

सबंध घरात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. मी ती नकाशावर लिहिली. अण्णांनी मान डोलावली आणि सांगितलं की ह्यासाठी वेगळा पाईप टाकावा लागेल. आईच्या उशापासून स्लॅबमधून वर माझ्या कामाच्या खोलीपर्यंत. दिव्यापंख्यांचे पाईप तिकडून जात नव्हते. खालून वर माझ्या खोलीत जाणारा पाईप एकच होता, इंटरनेटच्या वायरीचा. तो मी पहिल्या दिवसापासून हट्टाने मागून घेतला होता आणि त्यांच्या डोक्यावर उभी राहून बसवूनही घेतला होता. बेलचा मात्र राहिला होता. मीच माझ्या टेबलाची जागा चौथ्या नकाशात बदलली होती, त्यामुळे बेल वर नेमकी कुठे निघणार हे अण्णांना कळत नव्हतं. विचारायला ते दोनदा आले. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होते.

आणि मग पितृपंधरवडा आला.

स्लॅब त्याच्या बराच आधी पडायचा होता. पावसाने सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांचं काम, लांबलं. सळ्या बांधून झाल्या तेव्हा पंधरवडा लागायला एकच दिवस उरला होता. काँक्रीटची माणसं दुसऱ्या दिवशीची ठरली होती. तो दिवस चुकला की पंधरा दिवस पितरांचे, लगेच दसरा. आयुधपूजेला इथे गवंड्याच्या थापीपासून वायरमनच्या पकडीपर्यंत सगळ्याला झेंडूची फुलं लागतात, आणि एकदा फुलं लागली की कारागीर गावी जातो तो कधी परत येईल ते त्यालाच ठाऊक. म्हणजे महिना गेलाच.

अण्णा संध्याकाळी म्हणाले, "अक्का, दोन दिवस थांबा की. अम्माचा पाईप राहिलाय. सळ्यांच्या जाळीखालून घ्यायचा, बांधायचा, बॉक्स बसवायचा. घाईत केला तर काँक्रीट टाकताना फुटतो."

"दोन दिवसांनी पितृपंधरवडा लागलेला असेल," मी म्हणाले.

मी तशी देवभोळी नाही. एरवी पत्रिका, मुहूर्त असलं कोणी काढलं की मीच पहिली नाक मुरडणार. पण आईच्या आजारानंतर मी घाबरट झाले होते. बाबांची तिथी त्याच पंधरवड्यात येते. त्या दिवसांत स्लॅब टाकला आणि पुढे आईला काही झालं, तर मी जन्मभर स्वतःला बोल लावीन, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हे कोणाला सांगायची मात्र लाज वाटत होती. म्हणून मी चिडत होते.

घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "पितर काय स्लॅब मोजायला येतात होय? थांब दोन दिवस. तुझे बाबा आलेच तर म्हणतील, पाईप टाकून घेतलास ते बरं केलंस."

"तू गप्प बस गं," मी म्हणाले. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझं आयुष्यभर असंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटचं मशीन येऊन उभं राहिलं तेव्हा अण्णा पुन्हा माझ्यापाशी आले. हातात पाईपचा तुकडा होता. म्हणाले, "एक विचारतो, रागावू नका. तुमच्या खोलीला इंटरनेट हवेतनं नको म्हणालात. वायरच पाहिजे म्हणालात. ते का?"

"कारण मीटिंग मध्येच तुटून चालत नाही."

"मग अम्माची बेल?"

"ती वायरलेस घेऊ. हल्ली खूप मिळतात."

पाईपचा तुकडा अण्णांनी पिशवीत घातला, नळावर हात धुतले आणि नारळ फोडायला सगळ्यांबरोबर येऊन उभे राहिले. मला तेव्हा एवढंच वाटलं की चला, एक कटकट मिटली.

स्लॅब छान पडला. दुपारी सगळ्यांना केळीच्या पानावर गोड जेवण घातलं, ही इकडची रीतच आहे. होळीगे होती, म्हणजे आपली पुरणपोळी. आई रस्त्याच्या कडेला सावलीत खुर्चीवर बसली होती. तिने प्रत्येकाला वाढताना माझ्यामार्फत "अजून घ्या" म्हणून निरोप पाठवला. संध्याकाळी गाडीत बसताना म्हणाली, "झालं बाई तुझं घर." माझं म्हणाली. तेव्हा कानावरून गेलं.

राहायला आलो तेव्हा दिव्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. मी हॉलमध्ये उभी राहून सांगायची, लावा, मंद करा, बंद करा, आणि ते व्हायचं. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "मी सांगून बघू?" तिने सांगितलं. दिवा लागला नाही. पुन्हा सांगितलं. चौथ्या वेळी तिने जोर लावला तर खोकलाच आला. "घरालाही तुझ्यासारखंच कमी ऐकू येतं," ती म्हणाली. दाराचं कुलूपही तिचं बोट घेईना, कारण बोट ठरायचंच नाही. हे दोन्ही किस्से मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये रंगवून सांगितले आणि सगळे हसले. तिच्या खोलीत कॅमेरा लावू का म्हणून विचारलं होतं, त्याला तिने साफ नकार दिला. "मी कपडे बदलताना कोणी बघितलेलं मला चालणार नाही. तूसुद्धा." मग कॅमेरा हॉलमध्ये एकच राहिला.

वायरलेस बेल मी मागवली. एक छोटं बटण, दोरीने गळ्यात अडकवायचं. ते दाबलं की त्यावर निळा दिवा लागायचा आणि वर माझ्या टेबलाखाली प्लगमध्ये खोचलेली डबी वाजायची. डबीला पाच-सहा गाण्यांच्या चाली होत्या. त्यातली त्यात सोज्वळ बघून मी एक लावली.

आता बटण तिच्या मांडीवर यायचं आणि उजवा हातही तिथेच असायचा, थरथरत. सकाळी येऊन आंघोळ-स्वयंपाक करून देणारी बाई दहाला जायची. त्यानंतर दिवसातून दहा-बारा वेळा बेल वाजायची. मी धावत खाली. "काही नाही गं, चुकून लागलं." पहिला आठवडा आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या आठवड्यात मी जिन्यावरूनच विचारायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या मीटिंगमध्ये मी बोलत असताना ती चाल तीनदा वाजली आणि पलीकडचं कोणीतरी म्हणालं, तुमच्याकडे लग्न आहे का. सगळे हसले. मीही हसले, माईक बंद केला आणि खाली गेले.

"आई, खरंच काम असेल तरच दाब," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. "मला नोकरी आहे. ह्या नोकरीवर घर उभं आहे. उगाच उगाच काय दाबत बसतेस?"

ती म्हणाली, "बरं."

वर आले आणि डबी प्लगमधून उपसून टेबलावर ठेवली. संध्याकाळी आठवणीने परत खोचली. मग तो पायंडाच पडला. महत्त्वाची मीटिंग असली की डबी काढायची, झाली की खोचायची. आईला हे मी सांगितलं नाही. तिचं बेल वाजवणंही तेव्हापासून कमी झालं होतं. मला वाटलं, सवय झाली असेल हळूहळू.

त्या सोमवारी डबी शुक्रवारपासून काढलेलीच होती. माझ्या ते डोक्यातच नव्हतं.

मदतीची बाई दहाला गेली. मी खाली डोकावले. आई हॉलमध्ये खिडकीपाशी पेपर बघत होती. "वर जाते गं," म्हणाले आणि गेले. कानाला हेडफोन लावले. एका मागोमाग तीन मीटिंग झाल्या. मध्ये पाच मिनिटं मिळाली तेव्हा फोनवर हॉलचा कॅमेरा उघडून बघितला. हॉल रिकामा होता, पेपर घडी करून टीपॉयवर ठेवलेला, सगळं जागच्या जागी. मी पुढच्या मीटिंगला बसले. काळजी घेते म्हणून मला स्वतःचं बरंही वाटलं.

एक वाजता जेवायला वाढावं म्हणून खाली आले तर तिच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. पलंग आणि मोरीच्या मधे ती जमिनीवर पडली होती, डाव्या कुशीवर. पलंगावरच्या चादरीचं टोक ओढून तिने गालाखाली घेतलं होतं, म्हणजे ती बराच वेळ तशी होती. मी तिच्याजवळ बसले. ती काहीतरी बोलत होती. मला कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"मीटिंग संपली?" तिने विचारलं.

दवाखान्यात कळलं की खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला मी घरी आले आणि वर चार्जर घ्यायला गेले तेव्हा टेबलावर, कॉफीच्या कपाशेजारी, ती डबी दिसली. मी ती हातात घेऊन तिथेच खुर्चीवर बसले. नवरा खालून हाका मारत होता. ज्याच्या भीतीपोटी मी स्लॅबची घाई केली, ते सगळं झालंच होतं आणि पितरांचा त्यात काही हात नव्हता. हात माझा होता.

तिसऱ्या दिवशी ती जरा सावरून बसली. सूप चमच्याने पाजत होते. मला विचारायचं नव्हतं तरी मी विचारलं, "आई, बेल का नाही दाबलीस?" खरं सांगते, मला एकच उत्तर हवं होतं. हात पोचला नाही, बटण सापडलं नाही, असं तिने म्हणावं. म्हणजे डबी टेबलावर होती काय आणि प्लगमध्ये होती काय, सारखंच झालं असतं.

"दाबली की," ती म्हणाली. "एकदा दाबली. निळा दिवा लागला, म्हटलं तुला कळलं. कामात असशील, येशील म्हटलं."

"मग परत का नाही दाबलीस?"

"तू चिडतेस," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तशी, सरळ.

माझ्या हातातला चमचा मी वाटीत ठेवला. तिला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिला कधी कळलंही नसतं. पण मला ते पोटात ठेवता आलं नाही. "आई, बेल वाजलीच नाही," मी म्हणाले. "मी काढून ठेवली होती. मीटिंगसाठी. परत लावायची विसरले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. तिच्या जुन्या आवाजात बोलली असती तर सगळा मजला जमा झाला असता. तिचा चेहरा मात्र सैल झाला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिने माझा हात शोधून धरला.

"मग बरं," ती म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, ऐकूनसुद्धा आली नाहीस."

मी तिथे ढसाढसा रडले. नर्स आली, पाणी दिलं. आई तिला माझ्याबद्दल काहीतरी सांगत होती, तिला ऐकू गेलं नाही आणि मलाही नाही. अडीच-तीन तास ती त्या थंड फरशीवर हाच विचार करत पडली होती. हाडाचं दुखणं मोठं की हे, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

ती घरी यायच्या आधी मी अण्णांना फोन केला. ते आले. "मी सांगितलं होतं" असं ते म्हणतील म्हणून मी तयारीत होते. ते म्हणाले नाहीत. आईच्या खोलीत उशाच्या जागी उभे राहिले, हॉलमध्ये आले, वर जाऊन आले आणि मग म्हणाले, "वाट एकच आहे अक्का. अम्माच्या खोलीतनं हॉलपर्यंत भिंतीवरनं पट्टी मारतो. तिथनं वर जायला तुमच्या इंटरनेटचा पाईप. पण करंटची वायर आणि ती वायर एका पाईपात घालायची नाही. एक काय ते ठरवा."

"माझी काढा," मी म्हणाले.

"नक्की? आमेले परत घाला म्हणाल."

"नाही म्हणणार."

त्यांनी इंटरनेटची वायर ओढून काढली आणि तिच्याच टोकाला बेलची वायर बांधून वर घेतली. हॉलच्या नव्या रंगावरून आता पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी जाते, टीव्हीच्या मागून, जिन्यापर्यंत. आल्यागेल्याचं लक्ष आधी तिच्याकडेच जातं. एकजण म्हणालीही, अगं, एवढं सगळं केलंस आणि हे असं कसं राहिलं. मी म्हणाले, राहिलं. माझ्या मीटिंग आता मध्येच तुटतात. तुमचा आवाज येत नाहीये, असं लोक दिवसातून चारदा म्हणतात. मी पुन्हा जोडते आणि पुन्हा बोलते.

बेल मात्र चोख आहे. मोठं, गोल, दाबायला सोपं बटण, पलंगाच्या उजव्या अंगाला, उशाशी. गळ्यात अडकवायचं ते बटणही तिने आता काढून ठेवलंय. अण्णांनी पहिल्या दिवशी आईला दाबायला लावलं. वर अशी खणखणीत वाजली की शेजारच्या साइटवरच्या गवंड्यांनी वर बघितलं. "अगदी शाळेतली," आई म्हणाली आणि अण्णांना चहा दे म्हणाली.

त्याला आता चार महिने झाले. चार महिन्यांत आईने ती एकदाही वाजवलेली नाही. पाणी हवं असलं तरी ती मी खाली येईपर्यंत थांबते. मोरीत जायचं असलं तरी थांबते. मी दर अर्ध्या तासाने खाली येते, मीटिंग चालू ठेवून, माईक बंद करून. तिच्याजवळ बसून मी तिला सांगितलं, "आई, शंभरदा वाजव. चुकून वाजव, मुद्दाम वाजव. मी चिडणार नाही, तुझी शपथ." ती म्हणाली, "वाजवीन की. काम असलं की वाजवीन."

परवा दुपारी अशीच खाली आले तर तिचा डोळा लागला होता. उजवा हात बेलच्या बाजूला येतो, थरथरणारा तोच. झोपेतसुद्धा तिने तो डाव्या हाताने मनगटाशी घट्ट धरून छातीवर दाबून ठेवला होता, चुकून बटणाला लागू नये म्हणून.